फेरमीटरांची डावी टाच

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. सकाळचे आठ. ठिकाण: बाजारचौक, कारंज्याच्या डाव्या हाताचा स्टॉल. हजर: मी, सासूबाई, प्रज्ञा. उशिरा हजर: समीर (बेकरीत रांग होती म्हणतो). गैरहजर: फेरमीटर.

फेरमीटर म्हणजे घरमालक. जर्मनीत घर शोधणाऱ्याला हा शब्द पहिल्याच आठवड्यात पाठ होतो. आम्ही आमच्या घरमालकांना त्यांच्या तोंडावरही फेरमीटरच म्हणायचो, कारण त्यांनी स्वतःची ओळख तशीच करून दिली होती. पहिल्या दिवशी दार उघडलं, "मी फेरमीटर," म्हणाले आणि हात पुढे करायच्या आधी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"उजव्या पायावर जोर देतेस. घाईत असतेस नेहमी?"

मी घाईतच होते. सहाला दुसरं घर पाहायचं होतं. ते मी रद्द केलं.

अनोळखी माणसालाही ते एकेरीच बोलत. पोस्टमनला, पाद्र्याला, बँकेच्या मॅनेजरला, सगळ्यांना सारखंच. त्यात उर्मटपणा नव्हता. ज्याच्या बुटाचा तळ आपण पाहिला त्याला "आपण" कसं म्हणायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि गावातल्या बहुतेकांच्या बुटांचे तळ त्यांनी पाहिलेले होते.

आमचं गाव कायझर्सलाउटर्नपासून रेल्वेने अर्ध्या तासावर. माझं ऑफिस तिकडे, घर इकडे, कारण इकडे त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते. ती खोली सासूबाई उन्हाळा-हिवाळा येऊन वापरतात. गाव एके काळी बुटांचं होतं. आता कशाचं आहे हे नगरपालिकेलाही नक्की सांगता येत नाही. पाटीवर नुसतं "बाजारपेठेचं गाव" लिहिलंय, आणि बाजारपेठ म्हणजे शनिवारी चौकात लागणारे मोजके स्टॉल: भाजी, चीज, मध, फुलं आणि फेरमीटरांचा बूटदुरुस्तीचा.

राहायला आलो त्या पहिल्या रविवारची गोष्ट. मी आमटीला फोडणी दिली, हिंग जरा सढळ पडला आणि दारावरची बेल वाजली. इथल्या प्रत्येक मराठी घराला ही बेल माहीत आहे. ऑफिसातल्या तिघांनी आधीच बजावलं होतं: खिडक्या उघडून फोडणी द्या, नाहीतर घरमालकाची चिठ्ठी येते. माझे यजमान धावत खिडक्या उघडत सुटले, मी माफीचं जर्मन वाक्य मनात जुळवत दार उघडलं. फेरमीटर डोळे मिटून उभे होते. नाक वर.

"इथे काय तयार होतंय?"

"आमटी," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही.

"छान. सरस बंद झाल्यापासून या घरात काही तयार झालं नव्हतं."

तळमजल्यावर त्यांच्या वडिलांचं वर्कशॉप होतं, तिथे चुलीवर सरसाचं, म्हणजे चामडं चिकटवायच्या गोंदाचं, भांडं रटरटायचं. त्या दिवसापासून रविवारी साडेअकराला ते जिन्यात खुर्ची टाकून बसत. मी वाटी नेऊन दिली की घेत, पण जेवणात त्यांना फारसा रस नव्हता. वास पुरे असायचा. आमच्या यजमानांनी मात्र पुढचे सहा महिने खिडक्या उघडणं सोडलं नाही.

गावाचा इतिहास ते वासांनीच सांगायचे. आजोबांच्या वेळी ओढ्याकाठी कातडी कमावायचे, तेव्हा गावात पाहुणा टिकत नसे. मग लोकरीच्या सपाता आल्या. बायका त्या घरी शिवायच्या आणि पाठीवरच्या टोपल्यांतून खेडोपाडी विकायच्या, तेव्हा गावाला ओल्या मेंढीचा वास होता. मग कारखाने: आधी चामडं, मग रबर, मग प्लॅस्टिक. मग एकेक धुराडं थांबत गेलं आणि गावाची हवा स्वच्छ झाली, याचं नगरपालिकेला कौतुक वाटलं.

"वास नाही म्हणजे काम नाही," फेरमीटर म्हणायचे. हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की माझी मुलगी ईरा शाळेतून आली की आधी नाक उडवून तेच जर्मनमध्ये ऐकवायची आणि मग विचारायची, जेवायला काय आहे.

माझ्या कामाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटायचं. "दिवसभर बसतेस, आणि संध्याकाळी कपड्यांना कशाचाच वास नाही. मग घरच्यांना कळतं कसं, की तू कामावर होतीस?"

"पगार येतो," मी म्हणायचे.

"या, या," ते म्हणायचे. इथे 'या' म्हणजे 'हो', पण त्यांचं 'या' आपल्या 'जा'च्याच जास्त जवळचं होतं.

जुन्या कारखान्यांत आता दुसरंच काही चालतं हे त्यांना ठाऊक होतं, मान्य नव्हतं एवढंच. पाहुणे आले की ते त्यांना गाव दाखवायला नेत. माझे आईवडील इचलकरंजीहून आले तेव्हा त्यांनाही नेलं, मी दुभाषी. "इथे तळवे," व्यायामशाळेसमोर थांबून. "इथे नाड्या," बालवाडीसमोर. "इथे खोकी." तिथे एका वकिलाचं ऑफिस आहे, फेरमीटर सरळ आत शिरले आणि वकिलीणबाईंच्या टेबलाखाली जमिनीतली मशीनची भोकं दाखवायला लागले. बाईंनी पाय वर घेतले. त्यांना सवय असावी.

सगळ्यांत कहर दातांच्या दवाखान्यात. तिथे पूर्वी शिलाईखातं होतं. फेरमीटर दाढ काढायला गेले, खुर्ची मागे झाली, तोंडात नळी, डॉक्टरांच्या हातात चिमटा, आणि यांनी हात उंचावून छताकडे बोट दाखवलं. डॉक्टर घाबरले, म्हणाले, दुखतंय का? यांनी जोरजोरात मान हलवली. नळी काढल्यावर म्हणाले, "तो हूक बघ. त्यावरून पट्टा जायचा. माझ्या आईचं मशीन बरोबर तुझ्या पायाखाली होतं." डॉक्टरांनी तो हूक नंतर पिवळा रंगवून घेतला. आता प्रत्येक पेशंट विचारतो हे काय आहे म्हणून, आणि भूल चढेपर्यंतचा वेळ बरा जातो.

माझ्या बाबांशी त्यांचं जमलं. बाबांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवले. फेरमीटरांनी विचारलं, "तुझ्या गावाला कसला वास?" मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "वास सुताचा. पण आमचं गाव कानानं ओळखायचं. खटखट थांबली की झोप मोडायची." हे सांगितल्यावर फेरमीटर बाबांना हाताला धरून खाली वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. वर आले तेव्हा बाबांच्या बुटांना नवे तळवे होते. दोघांत सामाईक भाषा एकही नव्हती.

हायवेजवळ आता एक प्रचंड गोदाम झालंय. तिथे बाहेरून बूट येतात आणि युरोपभर जातात. एकदा फेरमीटर एक रिकामं खोकं काखेत मारून आमच्याकडे आले.

"आग्रा. तुमच्या इथलं ना?"

"आमच्यापासून लांब आहे. म्हणजे इथून रोम असेल तितकं."

"शिलाई चांगली आहे. सांग त्यांना."

"कुणाला?"

"आग्र्याला." आणि गेले. बुटांच्या गावात बूट बाहेरून येतात याचा त्यांना राग असेल असं मला वाटायचं. तो कधी दिसला नाही. गोदामातली माणसं दुपारी जड संरक्षक बूट घेऊन त्यांच्याकडे यायची, रुमानियाची, सीरियाची, घानाची, आणि फेरमीटर प्रत्येकाला एकेरीत झापायचे: नाडी बांध, पाय ओढू नकोस.

आता गुडघ्याची गोष्ट, कारण तिच्यामुळेच आम्ही आज थंडीत चौकात उभे आहोत.

फेरमीटरांचा डावा गुडघा पार झिजला होता. ते डावीकडे कलून चालत आणि त्यांच्या स्वतःच्या बुटाची डावी टाच बाहेरच्या अंगाने निम्मी गेलेली असे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दोन वर्षं झाली होती. दरवेळी तारीख मिळे, दरवेळी हे रद्द करत. मी एकदा फैलावरच घेतलं, तेव्हा खरं कारण बाहेर आलं. बाजाराचा नियम: ज्याची जागा लागोपाठ तीन शनिवार रिकामी राहते त्याची जागा जाते. ऑपरेशन आणि नंतरची रेहा, म्हणजे व्यायाम करून घेतात ते केंद्र, मिळून दीड-दोन महिने. कारंज्याजवळची ती जागा त्यांच्या आजीपासून चालत आलेली. आजी तिथे टोपली ठेवून सपाता विकायची.

"ती जागा गेली की या गावात बुटाचं काहीही उरत नाही," ते म्हणाले. "एक हूक उरतो. पिवळा."

मी म्हटलं, "तारीख घ्या. शनिवारचं मी बघते."

"तू? तुला बुटातलं काय कळतं?"

"बुटातलं नाही कळत. शनिवारचं कळतं."

त्याच आठवड्यात आमच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. चहा, चिवडा आणि पाळ्यांचा तक्ता. आम्ही दोघं, सासूबाई, माझ्या ऑफिसातला पुण्याचा समीर आणि नागपूरची प्रज्ञा, जी कायझर्सलाउटर्नच्या संशोधन संस्थेत चिकटद्रव्यांवर काम करते. मी योजना सांगितली: आपण स्टॉल लावायचा, बूट घ्यायचे, चिठ्ठी लावायची, रेहातून आल्यावर ते घरी बसून दुरुस्त करतील, मग त्यानंतरच्या शनिवारी आपण परत द्यायचे.

समीर म्हणाला, "म्हणजे लोकांच्या चपला हातात घ्यायच्या? आपण?"

सासूबाईंनी चिवड्यातला शेंगदाणा शोधायला घेतला.

प्रज्ञा म्हणाली, "माझे आजोबा कातड्याचं काम करायचे. बाबांना तिथून सुटायला त्यांचं निम्मं आयुष्य लागलं. आणि मी डॉक्टरेट करून, समुद्र ओलांडून, परत तिथेच बसू?"

माझी पेन्सिल थांबली. तक्ता करताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"बसते," ती म्हणाली. "म्हातारा मला आवडतो. पण अट आहे. पहिल्या शनिवारी मी नाही. पहिल्या शनिवारी समीर."

समीरने माझ्याकडे पाहिलं, मी तक्त्याकडे पाहिलं आणि पहिल्या चौकोनात समीर लिहिलं.

"अगं, पण मला हातमोजे तरी..."

"थंडीचे घाल," प्रज्ञा म्हणाली. "दुसऱ्या कारणाचे नकोत."

समीर बसला. हातमोज्यांशिवाय बसला, हे इथे नोंदवायला हवं. दुपारी घरी आला तेव्हा नाक लाल होतं आणि बोलायचं थांबत नव्हता: कुठल्या आजीचा कुत्रा बूट खातो, कुठल्या शिक्षिकेचं लग्न आहे. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःहून पाळी मागितली.

सासूबाईंचं म्हणणं सुरुवातीला स्पष्ट होतं: "मी लांबून बघेन. हात लावायचा नाही." दुसऱ्या शनिवारी त्या थर्मास घेऊन लांबून बघायला आल्या. समोरची बाई बूट पुढे करून उभी, समीर दुसऱ्याशी बोलतोय, बाई खोळंबलेली. गिऱ्हाईक खोळंबलेलं सासूबाईंना बघवत नाही. माहेरचं किराणा दुकान होतं. त्यांनी बूट घेतला, उलटा करून पाहिला, चिठ्ठी लावली आणि त्यांना येणारा एकमेव जर्मन शब्द ठणकावला: "झामस्टाग!" म्हणजे शनिवार. बाई खूश होऊन गेली. तेव्हापासून स्टॉलची खरी मालकीण कोण याबद्दल गावात शंका नाही.

"अहो आई, तुम्ही तर हात लावणार नव्हतात," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक उभं होतं," त्या म्हणाल्या. विषय संपला.

चौथ्या शनिवारी ओर्डनुंग्सआम्टचा माणूस आला. बाजाराचे नियम पाळले जातात का हे बघणारं पालिकेचं खातं. हातात पॅड. म्हणाला, ही जागा दुरुस्तीसाठी दिली आहे. इथे दुरुस्ती होत नाही, नुसते बूट गोळा होतात. मग ती धरता येणार नाही.

मी नियमाची छापील प्रत काढली, पण त्यात तोच मुद्दा होता. मी वाचला होता आणि सोडून दिला होता.

प्रज्ञाने चष्मा वर केला. "आपला बूट द्या."

"माझा?"

"उजव्याची टाच खिळ्यावर आलीय. चालताना टकटक वाजते. द्या."

रेहात फेरमीटरांना भेटायला प्रज्ञा दर बुधवारी जायची. मी समजत होते सरसाबद्दल बोलायला. ती पलंगावर वर्तमानपत्र पसरून, चामड्याचे तुकडे नेऊन, टाच ठोकायला शिकत होती, आणि शेजारच्या पेशंटने आवाजाची तक्रार केली तेव्हा फेरमीटरांनी त्याच्या सपाताही दुरुस्त करून टाकल्या होत्या.

साहेब भर चौकात एका पायावर उभे राहिले. आधाराला काही नव्हतं म्हणून सासूबाईंनी खांदा दिला. भाजीवाला, चीजवाली, सगळे काम सोडून बघत होते. प्रज्ञाने जुनी टाच उपटली, घासली, नवी लावली, चार खिळे मारले. एक वाकडा गेला, तिने मराठीत शिवी दिली, तो काढून दुसरा मारला.

साहेबांनी बूट घातला. कारंज्याभोवती एक फेरी मारली. टकटक नाही. पॅडवर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "डावा कधी देऊ?"

"झामस्टाग!" सासूबाई म्हणाल्या.

फेरमीटर कुबड्यांवर परत आले तेव्हा पहिलं काम केलं ते माझ्या रंगीत चिठ्ठ्यांना नावं ठेवण्याचं. त्यांची पद्धत वेगळी होती: बूट घेतला की तळव्यावर खडूने मालकाचं चित्र. चष्मा, मिशी, कुत्रा, मोठं नाक. नाव लिहायचं नाही. "नाव विसरतो, नाक विसरत नाही." सासूबाईंसाठी त्यांनी एक मोठं गोल टिंब काढलं होतं, कुंकवाचं. समीरच्या तळव्यावर बटाटा, कारण विचारलं नाही. मी माझा बूट उलटा केला तर चौकोन आणि आत आडव्या रेघा: यादी.

"क्रमांक अनोळखी पायांसाठी असतात," ते म्हणाले, आणि माझा चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलाखाली ढकलून दिला.

गेल्या वसंतात ते रेगेन्सबर्गला मुलीकडे राहायला गेले. तिथे लिफ्ट आहे, नातवंडं आहेत. जायच्या आदल्या आठवड्यात मला पालिकेत घेऊन गेले आणि जागा माझ्या नावावर करायला लावली. खिडकीमागच्या तरुण मुलीला म्हणाले, "ही आमटी करते. हिला काम कळतं." तिने मान डोलावून शिक्का मारला.

शेवटच्या शनिवारी स्टॉल आवरताना मला फळीवर त्यांचे स्वतःचे काळे बूट सापडले. डावी टाच बाहेरून निम्मी. तळव्यावर चित्र नव्हतं. माझी हिरवी चिठ्ठी नीट भरून दोऱ्याने बांधलेली: क्रमांक, तारीख, काम: डावी टाच, चामड्याच्या थरांची. तयार: शनिवार.

ही टाच आयती मिळत नाही. चामड्याचे पापुद्रे एकावर एक चिकटवून, ठोकून, रापीने आकार देत बांधायची असते. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद सुरी. हा शब्द प्रज्ञाने दिला, तिच्या आजोबांचा. किरकोळ टाचा प्रज्ञा ठोकते, पट्टे आणि नाड्यांची भोकं मी करते. पण हा बूट मी स्वतःकडे घेतला. टाच बांधली, खोलली, पुन्हा बांधली. दर रविवारी त्यांचा फोन येतो. "माझे बूट झाले का?" "पुढच्या शनिवारी." "मग मी पुढच्या शनिवारी येईन. बूट पोस्टाने द्यायचे नसतात. गिऱ्हाइकाने येऊन, घालून, उभं राहायचं असतं." कधीचं हेच चाललंय.

आज सकाळी, समीरची वाट बघताना, तो बूट हातात घेतला आणि माझी चूक कळली. मी टाच जुन्या झिजेच्या मापाने बांधत होते, कलून चालणाऱ्या माणसाची. पण गुडघा नवा आहे. ते आता कसे चालतात? कुबड्या सुटल्यावर ते लगेच गेले. मी त्यांना सरळ चालताना पाहिलेलंच नाही. आणि त्यांचाच पहिला नियम: माणूस चालताना पाहिल्याशिवाय टाच बांधायची नाही.

रविवारची वाट न बघता मी स्टॉलवरूनच फोन लावला.

"फेरमीटर, अडचण आहे. बूट झाल्याशिवाय तुम्ही येणार नाही. आणि तुम्हाला चालताना बघितल्याशिवाय बूट होणार नाही."

"गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर. इतके खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "प्रज्ञाच्या लक्षात आलं की तुझ्या?"

"माझ्या."

"वेळ घेतलास. आल्झो, तर मग, ऐक. रविवारी दहाला मी डॅन्यूबच्या काठाने चालतो. पायात नातवाने दिलेले स्पोर्ट्स शूज, लाज वाटते. ये आणि मागून चाल. तिला पण आण, आणि त्या शनिवारवाल्या बाईला."

"समीर?"

"बटाट्याला स्टॉलवर ठेव."

"रविवारी स्टॉल नसतो, फेरमीटर."

"मग त्यालाही आण. आणि हातोडी आणू नका. आधी नुसतं बघायचं."

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी लगेच थर्मास किती लिटरचा न्यायचा ते ठरवलं. प्रज्ञाने मोबाइलवर गाड्या बघितल्या: दोन ठिकाणी गाडी बदलायला लागते, पहाटे निघावं लागेल. समीर ब्रेड घेऊन आला आणि आपण कुठे जातोय हे विचारायच्या आधी हो म्हणाला.

मग गोदामातला एक जण संरक्षक बूट घेऊन पुढे आला आणि आम्ही कामाला लागलो. दुपारी आवरलं. आजचे सगळे बूट दिले, नवे घेतले, चिठ्ठ्या लावल्या, तळव्यांवर चित्रंही काढली, माझी अजून नीट येत नाहीत. फळीवर काळा जोड तेवढा राहिला. त्याच्या चिठ्ठीवर 'तयार'च्या पुढे लिहिलेला शनिवार मी खोडला.

डावी टाच: बाकी.